चार रबरबँडची बाटली

थोरलीनं मागे न बघताच डावा हात ट्रॉलीकडे नेला, एकेका बाटलीची मान चाचपली आणि दोन रबरबँडची बाटली उचलून वाटीत ओतली. उजव्या हातात केसांची बट तशीच धरलेली.

"रंग सांग," ती म्हणाली.

"गंज," धाकटी म्हणाली. "पत्र्याच्या डब्याला चढतो ना, तसा."

"आणि टोकाला?"

"वाळलेलं गवत. टोकं गेलीत ताई हिची. पार गेलीत."

खुर्चीतल्या बाईनं आरशातून डोळे वटारले. "मी इथेच बसलेय हं."

"मग खोटं सांगू का?" धाकटी म्हणाली.

थोरलीनं कोपरानं तिला ढोसलं. बाईला मात्र हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. ही बाई रोज संध्याकाळी टीव्हीवर हवामान सांगायची. गावातलं शेंबडं पोरही तिला ओळखायचं. पार्लरमध्ये ती आत आल्या आल्या तिचं नाव हवामानबाई पडलं ते पडलंच. नणंदेच्या नादी लागून हिनं घरच्या बाथरूममध्ये स्वतःच केस सोनेरी करायला घेतले होते. झालं काय, तर मुळाशी दोन बोटं काळं, मध्ये गंज आणि शेवटी गवत. एकाच डोक्यात तीन जणींचे केस. आणि आज सहा वाजता ती कॅमेऱ्यासमोर उभी राहणार होती. म्हणजे साडेचारला तिला इथून उठायलाच हवं. आत्ता वाजला होता दीड.

"होईल," थोरली म्हणाली.

थोरली 'होईल' म्हणाली की होतंच, यावर धाकटीचा जेवढा विश्वास होता तेवढा उद्या सूर्य उगवेल यावरही नव्हता. दोघी सख्ख्या बहिणी, वयात पंचवीस वर्षांचं अंतर. धाकटीनं नववीत शाळेला रामराम ठोकला तेव्हा घरातले सगळे तिच्यावर तुटून पडले होते. थोरली एकटी म्हणाली, "नाही ना जमत तिला बसायला? उभं राहायचं काम देते." आणि दुसऱ्या दिवशी तिला इथे आणून उभं केलं. त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून कुणी थोरलीला वाकडं बोललं की धाकटीच्या डोक्यात तिडीक जायची. विचारबिचार नंतर.

थोरलीचं काम सांगायचं तर आधी त्या बाटल्यांचं सांगायला हवं. काळे केस उजळ करायचे तर ब्लीचची पावडर लागते, पण पावडर एकटी काही करत नाही. ती ज्यात कालवायची ते पांढरं, दुधासारखं क्रीम म्हणजे डेव्हलपर. खरा जोर त्याचा. दहा, वीस, तीस, चाळीस, असे त्याचे नंबर. दहा नुसता रंग बसवतो. वीस हळूहळू केस उजळवतो. तीस पळवतो. चाळीस म्हणजे बेभान बैल. केसांतून गेला तर ठीक, टाळूला लागला तर भाजून काढतो. दिसायला मात्र चारही सारखेच पांढरे. मोठ्या कॅनमधून सारख्याच पांढऱ्या बाटल्यांत भरायचे, आणि बाटलीवर पेनानं लिहिलेला नंबर आठवड्यात पुसून जायचा.

म्हणून थोरलीनं रबरबँडची पद्धत काढली होती. दहाच्या बाटलीच्या मानेला एक, वीसच्या दोन, तीसच्या तीन. "हात ओले, डोळे केसांवर," ती म्हणायची. "बाटली हातानं वाचायची." धाकटीला ही युक्ती इतकी भारी वाटायची की ती घरी मीठ-साखरेच्या बरण्यांनाही रबरबँड लावून बसली होती.

चाळीसची बाटली थोरलीच्या ट्रॉलीवर कधी नसायचीच. ती आज सकाळी आली, आणि तीच सगळ्या भानगडीची आई.

ठेवली मालकीणबाईंनी. स्वतःच्या हातानं भरून, वर छापील चिठ्ठी चिकटवून. "तीन तासांत ती बाई उठली पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. "तिचा फोटो मला दर्शनी काचेवर हवाय. तुमचं ते वीस-वीस करत बसू नका. सरळ चाळीस लावा."

"टाळूला चाळीस मी लावत नाही मॅडम."

"सुपरफास्ट लावतो."

सुपरफास्ट म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा नवा. मोठ्या दुकानातून आलेला, हात असा चालायचा की बघणाऱ्याला धाप लागावी. मनानं वाईट नव्हता. पण धाकटीला तो डोळ्यांसमोर नको असायचा, कारण मालकीणबाई त्याच्याकडे बघून थोरलीचं वय मोजायच्या.

"हे बघा," मालकीणबाईंनी आवाज खाली आणला होता. "हल्ली तुम्हाला वेळ लागतो. गिऱ्हाईकं बोलतात. आज हे नीट आणि वेळेत झालं तर खुर्ची तुमची. नाही झालं तर उद्यापासून तुम्ही बेसिनवर केस धुवा, ही खुर्ची मी त्याला देते."

बावीस वर्षं त्या खुर्चीमागे उभी राहिलेली बाई. खुर्चीच्या पाठीवर तिच्या अंगठ्यानं झिजलेली जागा होती. धाकटीनं तोंड उघडलं, तर थोरलीनं तिच्या पायावर पाय दिला. मग मुकाट्यानं त्या नव्या बाटलीला चार निळे रबरबँड चढवले आणि ती ट्रॉलीच्या अगदी मागे ढकलली.

तर आता दीड वाजला होता आणि मधल्या गंजलेल्या केसांना ब्लीच लावून वर फॉईलचे चंदेरी कागद लागत होते. टोकांना थोरलीनं हातही लावला नाही. "जे गेलंय त्याला आणखी काय उजळवायचं? त्याला नंतर पिवळेपणा मारायला दहात कालवून टोनर, बस. मध्ये वीस. मुळाशीही वीस, पण सगळ्यात शेवटी. का?"

"डोक्याची ऊब असते," धाकटीनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "मुळाशी आपोआप भराभर उजळतं."

"आणि रंग कुठवर न्यायचा?"

"केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. बाहेरच्यासारखा पिवळाजर्द असेल तर अजून थांबायचं. आतल्यासारखा फिका झाला की धुवायचं."

"म्हणजे शाळेत अगदीच माती नाही खाल्लीस," हवामानबाई म्हणाली, आणि यावेळी धाकटीही हसली.

मधले केस पाऊण तासात मस्त आले. थोरली दर पाच मिनिटांनी एक फॉईल उघडायची, बट बोटांत घेऊन चुरगाळायची, हलकेच ताणायची आणि तेच विचारायची: "रंग सांग." हे सहा वर्षं चाललं होतं. धाकटीला वाटायचं, शाळा सुटली पण परीक्षा काही सुटली नाही. पण ती सांगायची. चुकली तर थोरली 'नीट बघ' म्हणायची. ती पुन्हा बघायची.

दोघी बाईला घेऊन मागे बेसिनवर गेल्या. ट्रॉली खुर्चीजवळच राहिली. परत आल्या तेव्हा सुपरफास्टच्या खुर्चीत सात वर्षांची एक मुलगी चुळबुळत बसली होती आणि तो तिच्या केसांचे दोन भाग करून कात्री चालवत होता. मालकीणबाई घड्याळाकडे बघत फेऱ्या मारत होत्या.

"पावणेतीन," त्या म्हणाल्या.

"दिसतंय," धाकटी म्हणाली.

तिनं मुळं कोरडी केली. ड्रायरच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. थोरलीनं पावडर वाटीत घेतली, हात मागे नेला, माना चाचपल्या, दोन रबरबँड लागले, ओतलं, कालवलं. ब्रश भराभर चालू लागला. मागून पुढे, बोटभर भाग, पुढचा भाग, पुढचा. दहा मिनिटांत सगळी मुळं भरली. गळ्यातलं छोटं घड्याळ तिनं तीस मिनिटांवर लावलं.

चौथ्या मिनिटाला हवामानबाई म्हणाली, "जरा गरम लागतंय का हो?"

"थोडं लागतं," मालकीणबाई लांबूनच म्हणाल्या. "सुंदर दिसायचं तर तेवढं चालायचंच."

सहाव्या मिनिटाला बाईनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "नाही, चावतंय. मागच्या बाजूला."

थोरली पुढे झाली. मानेजवळची एक बट पुसली. "रंग सांग."

"पिवळा," धाकटी म्हणाली.

"नीट बघ."

"बघितलं ताई. पिवळा. केळ्याची साल. बाहेरची, पण..." तिनं दुसरी बट पुसली, जी सगळ्यात आधी भरली होती. "ही आतली व्हायला लागलीय."

भरायची दहा आणि वरची सहा, त्या बटेला सोळा मिनिटं झाली होती, आणि सोळाव्या मिनिटाला वीसवर केस विटकरीच असतात. हे सहा वर्षांत कधी चुकलं नव्हतं. थोरलीनं दातांनी ग्लोव्ह ओढून काढला आणि उघडं बोट सरळ त्या लगद्यात, टाळूपर्यंत घातलं.

"हे वीस नाही," ती म्हणाली. "उठवा हिला."

"काय झालं?" हवामानबाईचा आवाज चिरकला.

"काही नाही, उठा. चला. डोळे मिटून घ्या. मी धरलंय."

मालकीणबाई आडव्या आल्या. बेसिनच्या वाटेवरच उभ्या राहिल्या. "काय धुताय? बघा तरी किती छान उजळतंय! आणखी पाच मिनिटं ठेवा, फोटोसारखे होतील. वेळही वाचेल."

आणि खरंच होतील, हे धाकटीला दिसत होतं. पाच मिनिटं. केस एकसारखे फिके झाले असते, चार वाजता बाई तयार, काचेवर फोटो, खुर्ची थोरलीची. थोरलीला फक्त गप्प बसायचं होतं.

"मॅडम, सरका," थोरली म्हणाली.

"मी सांगतेय ना..."

"तिची कातडी जळतेय!" थोरली ओरडली. बावीस वर्षांत त्या दुकानात तिचा आवाज कुणी असा ऐकला नव्हता. कात्री थांबली. ड्रायर थांबला. मालकीणबाई तरी जागच्या हलेनात, तेव्हा धाकटीनं त्यांच्या दोन्ही दंडांना धरून, कपाट सरकवावं तसं त्यांना बाजूला सरकवलं.

पाणी कोमटाहून थंड. थोरली नुसत्या बोटांच्या पेरांनी धूत होती, नखं आत वळवून. बाई हुंदके देत होती. "केस हातात येतायत का? सांगा ना. येतायत का?"

"नाही येत."

"खरं सांगा!"

"ही खोटं बोलत नाही," थोरली धाकटीकडे मान करून म्हणाली. "हिला विचारा."

धाकटीनं बेसिनच्या जाळीकडे बघितलं. चार-पाच केस. रोज धुताना जातात तेवढेच. "नाही आले," ती म्हणाली. "पण मागे लाल झालंय. चिमटा काढल्यासारखं. फोड नाही."

बाईनं श्वास सोडला. सोडला म्हणजे काय, तिच्या अंगातली हवाच गेली.

मग धाकटी ट्रॉलीकडे धावली. वाटीशेजारी रिकामी होत आलेली बाटली. मानेला दोन रबरबँड. आणि मागे, अगदी आत, आणखी एक बाटली. तिच्याही मानेला दोन रबरबँड. दोन रबरबँडच्या दोन बाटल्या! तिनं पहिली फिरवली. मालकीणबाईंची छापील चिठ्ठी जशीच्या तशी होती. पुसलेली नाही, फाटलेली नाही. चाळीस.

तिनं वळून सुपरफास्टच्या खुर्चीकडे बघितलं. त्या सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर दोन शेंड्या होत्या. दोन शेंड्यांना दोन रबरबँड. निळे. थोरलीचेच.

"हे कुठून घेतलेस?"

"कुठले?" त्यानं खाली बघितलं. "हे? तुमच्या ट्रॉलीवरून. ही पोरगी हलते सारखी, केस बांधायला काही मिळेना. त्या एका बाटलीला चार-चार घातले होते गं. म्हटलं, कुणीतरी चाळा म्हणून घातलेत, दोन घेतले तर काय बिघडतंय. बाटली ठेवली ना जागेवर."

"जागेवर? मागची पुढे ठेवलीस! ते चार म्हणजे..." धाकटीनं हात उगारला.

"ए शहाणे!" बेसिनवरून थोरलीचा आवाज आला. "इकडे ये. टोनरचं बघायचंय. भांडण नंतर."

सुपरफास्टचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याला कळलं होतं.

साडेतीन. बाई पुन्हा खुर्चीत. डोक्याचा मागचा भाग गुलाबी. मुळाशी केस फिके पिवळे, मध्ये सोनेरी, टोकाला गवत. या सगळ्याला एका रंगात आणायचं राहिलं होतं, आणि तेच नाजूक. टोनर जास्त राहिला तर केस जांभळट राखाडी होतात.

"मुळाशीही दहाच ना?" धाकटीनं विचारलं.

थोरली विचारात पडली. मग म्हणाली, "नाही. मुळाशी काहीच नको. दहासुद्धा त्या कातडीला आग लावेल. मुळाशी नुसतं जांभळं कंडिशनर, हातानं, टाळूला न लावता. त्यात जोरच नसतो. टोनर कानाखालून पुढे. आणि तू इथे उभी राहा, माझ्या डाव्या हाताला. पापणी लववू नकोस. दर मिनिटाला सांग."

"तू बघ ना ताई. माझ्या हातून काहीतरी चुकेल."

"हात माझे. तू फक्त सांग."

टोनर लावून बाईला पुन्हा बेसिनवर टेकवलं. ती सहा मिनिटं धाकटी जन्मात विसरणार नव्हती. डोक्यात ते दोन निळे रबरबँड नाचत होते, मागे मालकीणबाई फुसफुसत होत्या, आणि तिला त्या ओल्या केसांशिवाय कशाकडेच बघायची मुभा नव्हती. पिवळा. पिवळा. आतली साल. अजून आतली. गव्हाच्या पिठासारखा.

"आता!" ती ओरडली.

थोरलीनं विचारलं नाही, की खात्री आहे का. 'नीट बघ'ही म्हणाली नाही. तिनं लगेच पाणी सोडलं.

सव्वाचारला केस वाळले. मुळाशी जरा सोनेरी उरले होते, खाली फिकट होत गेले होते, आणि ते मुद्दामच तसे केलेत असं वाटत होतं. हवामानबाईनं मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग आरशात बघत थोरलीच्या हातावर हात ठेवला.

मालकीणबाईंना मात्र धीर निघेना. "गिऱ्हाईकाची टाळू भाजली माझ्या दुकानात! बाटलीवर एवढं छापलंय. वाचता येत नाही?"

"रबरबँड त्यानं काढले!" धाकटी उसळली. "आणि चाळीस आणली कुणी ट्रॉलीवर? आणि पाच मिनिटं ठेवा कोण म्हणालं?"

"चूक माझी आहे," थोरली म्हणाली.

धाकटीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"बाटली मी उचलली. चिठ्ठी होती, मी वाचली नाही. त्या मुलाला काही बोलू नका."

"झालं तर मग," मालकीणबाई म्हणाल्या. "उद्यापासून खुर्ची..."

"थांबा हं," हवामानबाई उठून उभी राहिली. "डोकं माझं आहे, मी बोलते. यांनी घड्याळाची वाट बघितली असती तर काय झालं असतं? तुमचं ऐकलं असतं तर? मी काचेसाठी फोटो देते. पण खाली यांचं नाव लिहा. आणि पुढच्या वेळी मी याच खुर्चीत बसणार. आता गाडी बोलवा, मला पाऊस सांगायचाय."

दार बंद झालं. मालकीणबाईंनी दोनदा घसा खाकरला. "ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "राहू दे तुमची खुर्ची."

धाकटीनं जिंकल्यासारखी मूठ आवळली. तेवढ्यात थोरली ॲप्रन सोडत म्हणाली, "खुर्ची हिला द्या, मॅडम. उद्यापासून. मी हिच्या बाजूला उभी राहीन."

"काय?" धाकटी किंचाळली. "अगं वेडी झालीस का तू? राहिलीय ना खुर्ची! कशासाठी भांडले मी मग?"

मुलीच्या शेंड्यांतून मघाशीच काढलेले दोन्ही रबरबँड सुपरफास्टनं थोरलीच्या हातात आणून दिले. ते तिनं चाळीसच्या बाटलीला परत चढवले, मोजून. मग बाटली उलटी करून उरलेलं सगळं बेसिनमध्ये सोडून दिलं.

धाकटी तिच्याशी तीन दिवस बोलली नाही. तिला वाटलं, बहीण हरली. एका चुकीनं मोडली. चौथ्या दिवशी ती खुर्चीमागे उभी राहिली, कारण तिथे दुसरं कुणी उभं राहिलेलं तिला बघवलं नसतं. थोरली डाव्या हाताला. तीच सांगायची वीस की दहा, किती वेळ, कुठून सुरुवात. आणि दर पाच मिनिटांनी तेच: रंग सांग.

आठ महिन्यांनी, थोरलीचं कपाट आवरताना, धाकटीला चादरीखाली एक कागद सापडला. डोळ्यांच्या डॉक्टरांचा, थोरलीच्या नावाचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. खाली दोन ओळी होत्या: बारीक अक्षर वाचणं कठीण, पिवळा आणि पांढरा यांतला फरक ओळखता येत नाही. तारीख रबरबँड पहिल्यांदा आले त्या आठवड्यातली होती, साडेतीन वर्षांपूर्वीची. म्हणजे निदान साडेतीन वर्षं तरी ती धाकटीची परीक्षा घेत नव्हती. खरंच विचारत होती.